रॅम तपासल्याशिवाय फॉरमॅट मारू नका

नंदगड, हलशी, बिडी, लोंढा या भागात आज संगणकावाचून फारसं काही चालत नाही. पतसंस्थेत ठेवींचा हिशेब, दूध सोसायटीत रोजच्या मापाची नोंद, ग्राम वन केंद्रात दाखल्यांचे अर्ज, झेरॉक्सच्या दुकानात लग्नपत्रिकांचं डीटीपी, फोटो स्टुडिओत अल्बम, घरी मुलांचा प्रोजेक्ट. असा संगणक मधूनच बंद पडू लागला, निळा पडदा दाखवू लागला, की सगळीकडे एकच सल्ला मिळतो : फॉरमॅट मारा, सगळं ठीक होईल.

मशीन बेळगावला न्यायचं, विंडोज पुन्हा घालायचं, टॅली, प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी-कन्नड फॉन्ट सगळं नव्यानं बसवायचं. यात दोन दिवस जातात. दोष रॅममध्ये असेल तर आठवड्याभरात तेच दुखणं परत येतं. शिवाय विंडोज बसवताना प्रत्येक फाइल याच रॅममधून जात असल्यानं काही फाइली बसतानाच बिघडलेल्या असू शकतात. म्हणून क्रम उलटा करा : आधी रॅम तपासा, मग विंडोजला दोष द्या. या तपासणीला लागणारी साधनं फुकट मिळतात आणि ती चालवायला इंजिनिअर लागत नाही.

रॅम चुकते म्हणजे काय होतं

तुम्ही उघडलेली प्रत्येक फाइल, टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, आकडेमोडीतली प्रत्येक रक्कम आधी रॅममध्ये येते आणि मग डिस्कवर जाते. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. हा भार सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. ८ जीबी रॅममध्ये असे सुमारे ६,८७२ कोटी बिट असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुरुवातीला ४० बिटांचे १,०२४ शब्द मावत, म्हणजे ४०,९६० बिट. आज घरातल्या साध्या लॅपटॉपमधल्या कोट्यवधी कपॅसिटरांपैकी एखादा कच्चा निघणं अजिबात अशक्य नाही.

एक बिट उलटला तर काय होतं ते आकड्यात पाहा. खात्यात १,२५० रुपये आहेत आणि त्या आकड्यातला ४,०९६ किमतीचा बिट शून्याचा एक झाला, तर रक्कम ५,३४६ होते. युनिकोडमध्ये ‘प’ आणि ‘फ’ यांच्यात फक्त एका बिटाचा फरक आहे, म्हणून ‘पाटील’चं ‘फाटील’ होऊ शकतं. ‘क’चा ‘ग’ व्हायलाही एकच बिट पुरतो. आपल्या सीमाभागात एकाच माणसाचं नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतल्या कागदांवर असतं. त्यात एक अक्षर वेगळं पडलं तर दुरुस्तीसाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे इथं कुणाला सांगायला नको.

बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत शारबेक इथल्या मतदान यंत्रणेनं एका उमेदवाराला बरोबर ४,०९६ मतं जास्त दाखवली. त्या उमेदवाराला मिळणं शक्य होतं त्यापेक्षा हा आकडा मोठा होता, म्हणून तो लक्षात आला. तपासणीत सॉफ्टवेअरची चूक सापडली नाही आणि मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष काढला गेला. आकडा शक्यतेच्या आत असता तर तो तसाच जाहीर झाला असता.

बहुतेक वेळा चुकीच्या बिटामुळे एखादा प्रोग्रॅम कोसळतो आणि आपल्याला कळतं. पण काही चुका गुपचूप फाइलीत जाऊन बसतात, तिथून बॅकअपमध्येही जातात. संगणक बंद पडला तर वेळ जातो. चुकीची नोंद झाली तर विश्वास जातो. रॅम तपासायची ती मुख्यतः या दुसऱ्या नुकसानीसाठी.

ही लक्षणं दिसली तर रॅमवर संशय घ्या

- निळा पडदा येतो आणि त्यावरचा मजकूर दर वेळी वेगळा असतो : कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी आणखी काही.
- झिप फाइल उघडताना ‘फाइल खराब आहे’ असं येतं, पण तीच फाइल दुसऱ्या संगणकावर नीट उघडते.
- विंडोज बसवताना दर वेळी वेगळ्या टप्प्यावर अडकतं.
- फोटो सेव्ह केल्यावर खालच्या भागात रंगीत पट्टे उमटतात.
- सुरू करताना बीप वाजतात आणि पडदा काळाच राहतो. रॅम काढून परत बसवली की काही दिवस चालतं.

एकच प्रोग्रॅम एकाच ठिकाणी दर वेळी बंद पडत असेल तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅमचा. वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या वेळी, काही ताळमेळ नसताना कोसळत असतील तर रॅमकडे वळा.

तपासणीआधीची तयारी

महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर घ्या. एक काळजी मात्र घ्या : जुना बॅकअप पुसून त्यावर नवा लिहू नका. रॅम खराब असेल तर आजची प्रत बिघडलेली असू शकते आणि महिन्यापूर्वीची चांगली.

तपासणीला कित्येक तास लागतात, म्हणून ती रात्री लावा. पावसाळ्यात तारांवर झाड पडून वीज जाणं आपल्याकडे नित्याचं आहे. मध्येच वीज गेल्यानं रॅमचं काही बिघडत नाही, पण सगळी मेहनत वाया जाते. यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर ठेवा. लॅपटॉप चार्जरला जोडून कडक टेबलावर ठेवा, गादीवर नको.

संगणकाला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या. पुढं बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइली उघडता येणार नाहीत.

पहिली पायरी : विंडोजमधलीच सोय

स्टार्ट मेन्यूत ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधा आणि लगेच रीस्टार्ट करण्याचा पर्याय निवडा. संगणक पुन्हा सुरू होऊन निळ्या पडद्यावर तपासणी सुरू होईल. तेव्हाच एफ१ दाबा, ‘एक्स्टेंडेड’ हा पर्याय निवडा आणि एफ१० दाबा. मुळात असलेली ‘स्टँडर्ड’ तपासणी उरकते लवकर, पण बारीक दोष तिच्यातून सुटतात. एखाद्या टक्क्यावर पडदा बराच वेळ थांबल्यासारखा वाटेल. घाईनं बंद करू नका.

विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर निकालाची सूचना कोपऱ्यात येते. ती दिसली नाही तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’वर जा आणि ‘मेमरी डायग्नॉस्टिक्स रिझल्ट्स’ ही नोंद शोधा. इथं दोष सापडला तर तो खराच धरा. सापडला नाही तर मात्र निश्चिंत होऊ नका, दुसरी पायरी करा.

दुसरी पायरी : मेमटेस्ट८६+ची रात्रभर तपासणी

मेमटेस्ट८६+ हा मुक्त आणि मोफत प्रोग्रॅम आहे. तो विंडोज सुरू होण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालतो, म्हणून जवळजवळ सगळी रॅम तपासायला मोकळी मिळते. मेमटेस्ट डॉट ऑर्ग या त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच तो घ्या. पासमार्क कंपनीचा मेमटेस्ट८६ हा नावानं जवळचा, पण वेगळा प्रोग्रॅम आहे. तोही चांगला आहे. त्याच्या मोफत आवृत्तीत एका वेळी चार फेऱ्यांची मर्यादा आहे.

१. रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. संकेतस्थळावर विंडोजसाठी दिलेल्या यूएसबी इन्स्टॉलरनं तो तयार करा. शक्यतो हे काम दुसऱ्या, चांगल्या संगणकावर करा.

२. संशयित संगणक पूर्ण बंद करा, पेन ड्राइव्ह लावा आणि सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबा. कंपनीनुसार ती एफ१२, एफ९, एफ८ किंवा एस्केप असते.

३. पेन ड्राइव्ह निवडूनही तपासणी सुरू होत नसेल तर बायोसमध्ये जाऊन ‘सिक्युअर बूट’ तात्पुरतं बंद करा. काम झालं की आठवणीनं पुन्हा चालू करा.

४. तपासणी आपोआप सुरू होते. ती तशीच चालू द्या.

या प्रोग्रॅमचं काम पतसंस्थेत ठेव ठेवून ती परत मागण्यासारखं आहे : जे ठेवलं तेच, पैशाचाही फरक न पडता परत मिळालं पाहिजे. आधी सगळीकडे शून्य लिहून वाचायचं, मग सगळीकडे एक, मग उलटसुलट नमुने, मग यादृच्छिक आकडे. एका चाचणीत नमुना लिहून काही मिनिटं थांबतात आणि मग वाचतात, म्हणजे भार टिकत नसलेले बिट उघडे पडतात. इतके नमुने लागतात, कारण काही दोष शेजारच्या बिटांत ठरावीक मूल्य असेल तेव्हाच दिसतात. मेमरीची एकच ओळ पुन्हापुन्हा वापरून शेजारच्या ओळीतले बिट उलटवता येतात, हे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी इंटेलमधल्या सहकाऱ्यांसह २०१४ साली दाखवून दिलं होतं.

८ जीबीच्या साध्या मशीनवर एका फेरीला साधारण अर्धा ते एक तास लागतो; रॅम जास्त तसा वेळ जास्त. पहिली फेरी मुद्दाम आखूड असते, म्हणून तिच्यावर थांबू नका. निदान चार पूर्ण फेऱ्या होऊ द्या. हिशेबाचं मशीन असेल तर पूर्ण रात्र चालू ठेवा. थांबवायला एस्केप दाबा.

निकाल वाचताना

दोष सापडला की लाल ओळी येतात. त्यात मेमरीतला पत्ता, अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्ष मिळालेला आकडा असतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानात वॉरंटीसाठी बोलताना तोच पुरावा कामी येतो.

किती चुका चालतील, असं लोक विचारतात. एकही नाही. ‘इतक्या कोटी बिटांत दोन चुका म्हणजे काहीच नाही’ हा हिशेब इथं लागू होत नाही, कारण त्या दोन बिटांवर उद्या कुणाची रक्कम येईल हे कुणालाच ठरवता येत नाही. बाहेरून आलेल्या वैश्विक किरणांमुळेही एखादा बिट क्वचित उलटतो आणि ती चूक परत होत नाही, हे खरं आहे. म्हणून एकच चूक दिसली तर तपासणी पुन्हा लावून खात्री करा. पण ‘किरणांमुळे झालं असेल’ असं म्हणून सोडून देऊ नका. गूगलच्या सर्व्हरांचा अडीच वर्षांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात सुमारे आठ टक्के रॅम पट्ट्यांत निदान एक चूक नोंदली गेली होती. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होती, हा त्यातला आपल्या कामाचा भाग.

दोष पट्टीचा, स्लॉटचा की सेटिंगचा

चूक दिसली म्हणून लगेच नवी रॅम विकत घेऊ नका. आधी दोष नेमका कुठं आहे ते शोधा.

बायोसमध्ये एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्स्पो नावाचं सेटिंग चालू आहे का ते पाहा. हे सेटिंग रॅमला तिच्या मूळ प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगानं चालवतं. ते बंद करून पुन्हा तपासा. चुका थांबल्या तर पट्टी खराब नाही, तो वेग त्या मशीनला झेपत नाही. कमी वेगावर चालवा. हिशेबाच्या कामात त्या वेगाचा फरक जाणवतही नाही.

तरीही चुका येत असतील तर संगणक बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. लॅपटॉप असेल तर बॅटरी सोडवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिरभार उतरवा. एकच पट्टी ठेवा आणि तपासा. मग तिच्या जागी, त्याच स्लॉटमध्ये दुसरी. मग स्लॉट बदलून तेच पुन्हा करा. कोणती पट्टी कुठं होती ते कागदावर लिहीत चला.

- एकाच पट्टीवर चुका येतात, स्लॉट कोणताही असो : पट्टी खराब.
- एकाच स्लॉटमध्ये चुका येतात, पट्टी कोणतीही असो : मदरबोर्ड किंवा त्या स्लॉटमधला संपर्क खराब.
- प्रत्येक पट्टी एकटी चालते, दोन्ही मिळून चुकतात : त्यांची जोडी जमत नाही.
- सगळ्या पट्ट्या सगळीकडे चुकतात : पॉवर सप्लाय, प्रोसेसर किंवा मदरबोर्ड तपासून घ्या. एवढ्यासाठी मात्र जाणकार तंत्रज्ञ हवा.

काही पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते, काढता येत नाही. लिनक्समध्ये खराब पत्ते वगळून चालवण्याची सोय आहे, पण तिच्यावर पतसंस्थेचा हिशेब ठेवू नये.

ओल आणि सोनेरी पिना

कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्या डोंगरांपासून नंदगडपर्यंतचा सगळा पट्टा जून ते सप्टेंबर ओला असतो. कपाटातल्या कागदांना ओल लागते तशी ती संगणकातही शिरते. रॅमच्या सोनेरी पिनांवर आणि स्लॉटमध्ये धूळ व ओल मिळून थर बसतो, संपर्क तुटक होतो आणि चांगली रॅमही चुका दाखवते. म्हणून नवी घेण्याआधी सफाई करून बघा.

खोडरबरानं पिना घासण्याची पद्धत सगळीकडे आहे. जोरात घासल्यानं सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. त्यापेक्षा धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पिना हलक्या हातानं पुसा, पूर्ण वाळू द्या. स्लॉटमधली धूळ मऊ कोरड्या ब्रशनं काढा. तोंडानं फुंकर मारू नका, तिच्यातही ओल असते. पट्टी परत बसवताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ आवाजानं बसल्या पाहिजेत. बरेच ‘खराब रॅम’चे संगणक एवढ्यावर सुधारतात. सुधारला असं वाटलं तरी रात्रभराची तपासणी पुन्हा लावा.

संगणक भिंतीला चिकटून किंवा जमिनीवर ठेवू नका. पावसाळ्यात तो महिनोन् महिने बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालला की आतली ओल उडून जाते. जोडणीची अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

नवी किंवा जुनी रॅम घेताना

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक जण जुन्या मशीनमध्ये रॅम वाढवत आहेत किंवा सेकंडहँड संगणक घेत आहेत. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर इथून, किंवा थेट बेंगळूरूच्या एस. पी. रोडवरून आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल येतो. विकत घेताना प्रकार जुळवून घ्या. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते आणि त्यांचा व्होल्टेजही वेगळा : अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१. बसत नसलेली पट्टी दाबून बसवू नका. जुनी पट्टी सोबत नेलेली बरी.

नवी रॅमही बसवल्या रात्रीच तपासा. बदलून देण्याची मुदत संपण्याआधी दोष कळला तर भांडण होत नाही. बिल जपून ठेवा. बऱ्याच कंपन्यांची रॅमवरची वॉरंटी अनेक वर्षांची असते. सेकंडहँड घेताना ‘तपासून, दोष निघाला तर परत’ असं दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या.

ज्या संस्थांत एकाच संगणकावर शेकडो सभासदांचे पैसे मांडलेले असतात, त्यांनी पुढची खरेदी करताना ईसीसी रॅमचा विचार करावा. ती प्रत्येक ६४ बिटांमागे आठ जादा बिट ठेवते, एका बिटाची चूक स्वतः दुरुस्त करते आणि दोन बिटांची ओळखते. त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्डही तसेच लागतात. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत असते ती ईसीसी वेगळी. ती चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक पकडत नाही, त्यामुळे ‘डीडीआर५ आहे म्हणजे ईसीसी आहेच’ हे मान्य करू नका.

रॅम बदलल्यावर

नवी रॅम चार फेऱ्या पार झाली, की मग विंडोजच्या फाइली तपासा आणि गरज असेल तर आता फॉरमॅट मारा. त्यानंतर मागच्या काही आठवड्यांच्या नोंदी पाहा. टॅलीतली तेरीज छापील प्रतीशी ताडून बघा, ठेवींच्या बेरजा पासबुकांशी जुळवा, त्या काळात केलेल्या अर्जांतली नावं एकदा वाचा. फरक दिसला तर जुन्या, चांगल्या बॅकअपवरून दुरुस्ती करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सभासदाच्या हातात चुकीचा आकडा जाण्याआधी करायचं ते हेच.

यापुढे वर्षातून दोनदा तपासणी ठेवा : एक मेअखेर पावसापूर्वी आणि एक दसऱ्याच्या सुमारास ओल ओसरल्यावर. हिशेबाच्या मशीनवर रॅम बदलली किंवा तिचा संपर्क साफ केला, की त्याच रात्री आणखी एक. प्रत्येक वेळी तारीख, रॅमचा प्रकार, किती फेऱ्या झाल्या आणि किती चुका आल्या हे चार मुद्दे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी मशीन उघडणाऱ्या तंत्रज्ञाला रॅमवर संशय घ्यायचा की नाही हे लगेच कळेल, आणि तुमचे फॉरमॅटचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचतील.